परातीतली बोट

बोट जागची हलेना.

परातीत पाणी होतं, बोटीत मेणबत्ती पेटलेली होती आणि बोटीच्या मागच्या दोन्ही बारीक नळ्यांवर मी ड्रॉपरनं पाणी सोडलं होतं. आता वाफेच्या जोरावर 'फट् फट् फट्' असा आवाज करत तिनं परातीत गोल फिरायला हवं होतं. ती फिरली नाही. लालभडक अंगाची, पिवळ्या काठाची ती बोट लग्नाला निघाल्यासारखी नटून परातीच्या मधोमध बसून राहिली.

"थांबा हं जरा," मी कॅमेऱ्याकडे बघून हसले. "थोडी वाफ धरू दे तिला."

हे मी तिसऱ्यांदा म्हणत होते.

साल एकोणीसशे त्र्याऐंशी. टीव्ही नुकता रंगीत झाला होता. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला आमच्या केंद्रावरून 'हातोहात' नावाचा लहान मुलांचा कार्यक्रम थेट जायचा. थेट म्हणजे मी मुंबईत शिंकले तर ती शिंक त्याच क्षणी पुण्याच्या घराघरांत ऐकू यायची. मी हेमलता पाताडे, परळच्या म्युनिसिपल शाळेतली हस्तकलेची बाई. तेरा भागांसाठी मला निवडलं होतं आणि हा बारावा होता. तेराव्यानंतर मलाच ठेवायचं की माझ्या जागी नाटकातली एखादी गोड चेहऱ्याची मुलगी आणायची, हे ठरायचं होतं. आमचे निर्माते रेगेसाहेब गोड चेहऱ्याकडे झुकलेत, ही बातमी कँटीनच्या चहाबरोबर सगळ्यांना मिळत होती. मला तो कार्यक्रम हवा होता. आढेवेढे कशाला घेऊ, जिवापाड हवा होता. शाळेत माझ्यापुढं चाळीस पोरं बसायची. इथं किती बसतात त्याला गणती नव्हती.

आता आमच्या कामाची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. टेबलाखाली नेहमी तीन वस्तू तयार असत. पहिली अर्धवट, दुसरी होत आलेली, तिसरी पुरी झालेली. मी पहिलीला दोन टाके घालायची, "आता हे वाळलं की असं दिसेल" म्हणत दुसरी काढायची आणि शेवटी तिसरी वर ठेवून मोकळी व्हायची. प्रेक्षकांना वाटे, काय बाईच्या हातात कला आहे! या तिन्ही वस्तू करायचे सेटवरचं सामान बनवणाऱ्या प्रॉपर्टी विभागातले दत्ताराम घाग, आमचे घागमामा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तशातली माझी गत.

आणि पोरं? आठ पोरं सेटवर असत. त्यांची दुपारी तालीम व्हायची. कुणी काय विचारायचं, कुणी कधी हसायचं, सगळं ठरलेलं. रोहिणी सकपाळ नावाची माझ्याच शाळेतली तिसरीतली चुणचुणीत मुलगी होती, "अय्या, कित्ती छान!" हे वाक्य कायम तिच्या वाट्याला. शेवटी आमचे फ्लोअर मॅनेजर बर्वे कॅमेऱ्याशेजारी उभे राहून डोक्यावर दोन्ही हात फिरवत. ती टाळ्यांची खूण. ती खूण पोरांना मीच शिकवली होती, बिस्किटांची लालूच दाखवून.

तर बोट हलेना. बर्वेंच्या कानातल्या हेडफोनमध्ये वरच्या कंट्रोल रूममधून रेगेसाहेब काहीतरी ओरडले असावेत, कारण बर्वे दचकले आणि त्यांनी बोटांनी कात्रीची खूण केली. गुंडाळा. मला ते येत होतं. 'आजची वेळ संपत आलीय, तुम्ही घरी करून बघा' असं म्हणायचं, कॅमेरा पोरांवर जायचा, टाळ्या, शेवटचं गाणं. कुणाला कळलंही नसतं.

बर्वेंनी डोक्यावर हात फिरवले.

आठही पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिकवल्याबरहुकूम, जोरात. "अय्या, कित्ती छान!" रोहिणी म्हणाली. तिचे हात टाळ्या वाजवत होते आणि डोळे बोटीवर होते. कपाळावर एवढीशी आठी होती. बोट तर चाललीच नाही, हे तिला दिसत होतं. पण टाळ्या थांबत नव्हत्या.

मी ड्रॉपर टेबलावर ठेवला.

"थांबा," मी म्हणाले. "टाळ्या थांबवा, रे. बोट चालली कुठंय?"

बर्वेंचे हात डोक्यावरच राहिले.

"चालली नाही," मी कॅमेऱ्यात बघून सांगितलं. "चालायला हवी होती, पण चालली नाही. काय झालं असेल?"

पोरांचं पाठ केलेलं सगळं संपलं होतं. रोहिणीनं माझी साडी ओढली आणि हळूच विचारलं. पण माझ्या छातीवर माइक होता, तेव्हा ते सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं.

"बाई, आता काय बोलायचं?"

"तुला जे दिसतंय ते बोल."

तिनं परातीपाशी वाकून पाहिलं. "मेणबत्ती बारीक आहे."

"पाणी लई गार असंल," दुसरा एक म्हणाला.

"बोट जड झालीय!"

मग काय, आठही जण परातीवर तुटून पडले. आम्ही मेणबत्ती बदलली, पाणी बदललं, बोट उलटी करून पाहिली. माझं बोट भाजलं आणि मी "आई गं!" म्हटलं, तेही गेलं हवेतून. बोट हलली नाही ती नाहीच. शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हा मी ओल्या हातानं कॅमेऱ्यासमोर उभी राहिले.

"आज आमची बोट चालली नाही. का चालली नाही ते मला ठाऊक नाही. तुम्हाला काही सुचलं तर पत्र लिहा. पत्र स्वतः लिहायचं, आईबाबांकडून नाही."

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला. रेगेसाहेब जिना उतरून खाली आले.

"हात दाखवून अवलक्षण!" ते म्हणाले. चांगले सहा फूट उंच, एरवी मवाळ बोलणारे गृहस्थ, त्या दिवशी लालबुंद झाले होते. "सरकारी माध्यमावरून तुम्ही सांगितलंत, की आम्हाला जमलं नाही?"

"जमलं नव्हतंच, साहेब."

"ते मला दिसलं! पण ते आपण सांगत नाही, बाई. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. तुम्ही ती उघडलीत, आणि आत काय, तर काही नाही!"

"आत न चाललेली बोट होती," मी म्हणाले. माझी जीभ माझ्या ताब्यात कधी नव्हतीच.

त्यांनी मोठा श्वास घेतला. "तेरावा भाग होणार नाही. पुढच्या गुरुवारी मी फुलपाखरांवरचा माहितीपट लावतोय. तुम्ही यायची तसदी घेऊ नका."

मी घरी गेले आणि मोरी धुतली. रडू आलं की मी मोरी धुते. मोरी चकचकीत होते आणि रडणं पाण्यात जातं. शाळेत दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी 'काल पाहिलं हं' असं म्हणून पुढं काहीच म्हटलं नाही, ते रेगेसाहेबांच्या ओरडण्याहून जास्त लागलं.

दुपारी शाळेच्या फाटकाशी घागमामा उभे. हातात पेपरात गुंडाळलेली बोट.

"ताई, मला जोड्यानं मारा."

"काय झालं मामा?"

त्यांनी बोट उलटी केली आणि नळ्यांच्या तोंडाशी टाचणी खुपसली. आतून लाल रंगाचा वाळलेला खडा निघाला.

"मी चालवून बघितली होती. चांगली तीन फेऱ्या मारल्या तिनं. मग म्हटलं, आता कलर आला टीव्हीला, नुसता पत्रा काय दाखवायचा? म्हणून ऑइल पेंट मारला. बुधवारचा. रंग नळीत गेला तो मला कळलाच नाय." त्यांचा आवाज चिरकला. "कलर आल्यापासून दिसंल ते रंगवत सुटलोय आम्ही. मी रेगेसायबाला जाऊन सांगतो, चूक माझी हाय."

"सांगून काय होणार? तुम्हाला मेमो आणि मला फुलपाखरं," मी म्हणाले. "गप्प बसा. पोरांना ओळखू दे."

"कोण पोरं?"

"पत्र लिहा म्हणालेय ना मी."

पण खरं सांगते, मला स्वतःलाच भरवसा नव्हता. आमच्या कार्यक्रमाला आठवड्याला तीस-चाळीस पत्रं यायची. सगळी वळणदार अक्षरात, 'आपला कार्यक्रम आमच्या बंटीला फार आवडतो' छापाची, खाली बंटीच्या वडिलांची सही.

सोमवारी चार पत्रं आली. मंगळवारी केंद्राच्या टपाल विभागातून शाळेत फोन आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन मी घाबरतच तो घेतला.

"पाताडेबाई, तुमचं काय ते येऊन घेऊन जा. माझ्याकडं बसायला जागा उरली नाही."

एक पोतं भरलं होतं. बुधवारी दुसरं आलं. मी आणि घागमामा प्रॉपर्टीच्या खोलीत, खोट्या झाडांच्या आणि पुठ्ठ्याच्या सिंहासनांच्या मध्ये बसून पत्रं फोडत होतो. पोस्टकार्डं, वहीची पानं, बसच्या तिकिटामागं लिहिलेलं एक. सगळी पोरांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात. आणि चित्रं! मेणबत्तीची, नळ्यांची, बाणांची, खाली बुडालेल्या बाईची.

उरणच्या मुलानं लिहिलं होतं, 'बोटीचं तोंड वाऱ्याकडं करा.' डोंबिवलीच्या एकीनं, 'ती लाजली असेल, तिच्याकडं सगळे बघत होते.' तळेगावच्या भावाबहिणीनं सहा प्रयोग करून त्यांचा तक्ता पाठवला होता. पाचव्या प्रयोगात पडदा जळाला होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवलं होतं. पेणच्या एका मुलानं एकच ओळ लिहिली होती: 'माझं पण काहीच पहिल्यांदा जमत नाही. मला वाटायचं मी एकटाच आहे.'

ते पोस्टकार्ड मी घागमामांना वाचून दाखवलं आणि मग मला पुढचं पत्र वाचता येईना. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

मग त्यांनी स्वतः एक इनलँड पत्र उघडलं. त्यांना वाचायला वेळ लागे, ओठ हलवत वाचत. मधेच थांबले.

"ताई, हे ऐका. खडकीवरनं आलंय. 'बाईंना नमस्कार. मी सातवीत आहे. माझे वडील रंगारी आहेत. ते पाइप रंगवायच्या आधी त्याच्या तोंडात कापूस घालतात, नाहीतर रंग आत जाऊन बसतो. तुमची बोट नवी रंगवलेली दिसली. कापूस घातला होता का? आपली, सुमन लोंढे.'"

घागमामांनी पत्र कपाळाला लावलं. "तीस वर्षं ब्रश हातात धरलाय मी," ते म्हणाले, "आणि सातवीतल्या पोरीनं खडकीत बसून पकडलं मला." त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, पण ते हसत होते. तीस वर्षांत आपलं काम इतकं निरखून कुणी बघितलं नव्हतं, असं ते नंतर मला म्हणाले.

गुरुवारी फुलपाखरं उडाली. शुक्रवारी सकाळी संचालकांचं बोलावणं आलं.

आमच्या केंद्राच्या संचालक चिटणीस मॅडम. त्यांना हसताना पाहिलेला माणूस अख्ख्या इमारतीत नव्हता. मी आत गेले तर रेगेसाहेब आधीच बसलेले, आणि कोपऱ्यात तिसरं पोतं.

"काल फुलपाखरं दाखवल्यावर एकशे बारा फोन आले," मॅडम म्हणाल्या. "सगळे लहान मुलांचे. एकच प्रश्न. बोटीचं काय झालं?" त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "पाताडे, टाळ्या वाजल्या होत्या. कार्यक्रम संपला होता. तुम्ही तो थांबवलात का?"

येताना बसमध्ये मी छान छान वाक्यं जुळवली होती. विज्ञान, जिज्ञासा वगैरे. त्यातलं एकही आठवेना.

"मॅडम, बोट चालली नाही हे पोरांना दिसत होतं. तरी ती टाळ्या वाजवत होती. आणि ते मीच शिकवलं होतं त्यांना. मी शिक्षिका आहे. जे दिसतंय ते नाही दिसलं म्हण, हे मी शिकवलं. कसली हस्तकला आणि कसलं काय! मला त्या वेळी माझी लाज वाटली."

रेगेसाहेब पंख्याकडं बघत होते.

"तेरावा भाग पुढच्या गुरुवारी होईल," मॅडम म्हणाल्या. "अट एकच. या खेपेला बोट चालली पाहिजे."

आता, शहाण्या माणसानं काय करावं? 'हो' म्हणावं आणि पाय काढावा.

"ती अट मला पाळता येणार नाही," मी म्हणाले. "या खेपेला टेबलाखाली तिसरी बोट नसेल. तालीम नसेल. टाळ्यांची खूणही नसेल. पोरं तिथंच बोटी करतील. चालल्या तर चालल्या. नाही चालल्या तर मी तसं सांगेन."

"बघा!" रेगेसाहेब उसळले. "मी म्हणत नव्हतो?"

"रेगे," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "गेल्या रविवारपासून माझ्या घरी परातीत एक बोट आहे. माझ्या भाच्यानं केलेली. आम्ही दोघांनी सगळं करून पाहिलं. ती चालत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मलाही बघायचंय काय होतं ते. घ्या, पाताडे. तुमच्या पद्धतीनं घ्या."

गुरुवार उजाडला. घागमामांनी वाफेच्या आठ छोट्या डब्यांना आठ जोड नळ्या कथलाचा डाख देऊन बसवल्या, रंगाचा एक थेंब न लावता. बाकी बोट ज्याची त्यानं करायची होती: दुधाच्या डब्याचा पत्रा, थर्माकोल, हाताला येईल ते. आणि कार्यक्रम सुरू झाल्या झाल्या मी घागमामांचा हात धरून त्यांना दिव्यांखाली ओढलं.

"या कार्यक्रमात आजवर जे जे सुंदर दिसलं, ते यांनी केलंय," मी म्हणाले. "मी नाही. आणि बोट का अडली ते ओळखलंय खडकीच्या सुमन लोंढेनं."

घागमामांनी कापसाची गोष्ट स्वतः सांगितली. आधी चाचरत, मग अशी रंगून, की बर्वेंनी दोनदा घड्याळ दाखवलं.

मग आठ बोटी पाण्यात. पहिली बुडाली. दुसरी कलंडली. तिसरीनं नुसता धूर सोडला. चौथी, पाचवी, सहावी ढिम्म. सातवीनं एकदा 'फट्' केलं आणि गप्प बसली. बर्वेंनी दोन बोटं वर केली. दोन मिनिटं. आमच्या मागोमाग सात वाजता मराठी बातम्या असत, आणि शेजारच्या स्टुडिओत वृत्तनिवेदक कानिटकर कागद जुळवून बसलेले. केंद्रात काहीही इकडचं तिकडं होई, पण सातच्या बातम्या सातला, हा नियम कधी मोडला नव्हता.

आठवी बोट रोहिणीची. तिनं पाणी भरून नळ्यांना बोट लावलं, एकदा सोडून पुन्हा भरलं. एक मिनिट. मी मेणबत्ती पेटवून आत सरकवली. तीस सेकंद. बोट स्वस्थ.

"नाही चालली तर सांगू या आपण," मी रोहिणीला म्हणाले.

"थांबा बाई," ती म्हणाली. "गरम होतेय ती."

बर्वेंनी हेडफोन घट्ट दाबला. त्यांचा चेहरा विचित्र झाला होता. नंतर कळलं, वरच्या खोलीत रेगेसाहेबांचा हात कार्यक्रम तोडायच्या बटणापाशी होता आणि त्यांच्या मागं उभ्या असलेल्या चिटणीस मॅडम म्हणाल्या होत्या, "हात लावू नका त्याला." बर्वेंनी हळूहळू दोन्ही हात खाली घेतले आणि कात्रीची खूण करायच्या ऐवजी स्वतःच पुढं येऊन परातीत डोकावले.

फट्.

फट् फट्.

फट् फट् फट् फट्! बोट सरकली, काठाला आदळली, वळली आणि सुटली. कुणी टाळी वाजवली नाही. पोरं किंचाळली. आठही जण परातीभोवती तिच्यामागं गोल धावत सुटले, कुणीतरी परातीत हात घातला, पाणी उडून कॅमेऱ्याच्या काचेवर आलं. कॅमेरामन हसत हसत ती शर्टाच्या बाहीनं पुसत होता. घागमामांनी रोहिणीला उचलून खांद्यावर घेतलं. आणि मी? मी ओरडत होते, "चालली! अरे चालली!" माझा अंबाडा सुटला होता आणि सगळ्या महाराष्ट्रासमोर मी एका परातीभोवती उड्या मारत होते.

त्यानंतर मी तो कार्यक्रम एकोणीस वर्षं केला. रेगेसाहेब पुढं बदलून गेले, जाताना मला म्हणाले, "बाई, ती मूठ उघडलीत ते बरं केलंत." पुष्कळ पुरस्कार मिळाले, ते शोकेसमध्ये आहेत, धूळ पुसायला लागते. पण मला कार्यक्रमातली माझी जागा पक्की झाल्याचं कळलं ते कुठल्या पत्रानं नाही. ते मला त्याच संध्याकाळी कळलं, ओल्या साडीनं स्टुडिओत उभी असताना, समोरच्या मॉनिटरवर.

बातम्या एक मिनिट चाळीस सेकंद उशिरा लागल्या. पडद्यावर कानिटकर आले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला जोधपुरी कोट, दगडी चेहरा. युद्धाची बातमी असो की पिकांची, त्यांची भुवई कधी हलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांनी कागद सरळ केले, समोर पाहिलं.

"नमस्कार," ते म्हणाले. "बोट चालली. आता ठळक बातम्या."